लांब इंग्रजी शब्द तोडायचा कुठे? एक जुनं भांडण

(हे एपिसोडचं लिखित रूप आहे. बोलताना मी टेबलावर ठेका धरला होता, तो इथे ऐकू येणार नाही. म्हणून शब्द तुकडे पाडून लिहिलेत. शक्यतो मोठ्याने वाचा. लोकलमध्ये असाल तर मनातल्या मनात.)



ऑक्टोबर 2018. शशी थरूर आपल्या नव्या पुस्तकाबद्दल ट्विट करतात, त्यात एक शब्द टाकतात, आणि अर्धा भारत डिक्शनरी ॲपकडे धावतो. शब्द होता फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन. इंग्रजीत 29 लेटर्स. अर्थ काय, तर एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणं. फ्लॉक्सी, नॉसी, निहिली आणि पिली हे चार लॅटिन शब्द. लोकरीचा पुंजका, फुटकळ वस्तू, काहीच नाही आणि एक केस. चारही 'काडीची किंमत नाही' अशा अर्थाने वापरायचे. कुणीतरी गंमत म्हणून ते एकामागे एक चिकटवले आणि शेवटी '-फिकेशन' लावलं. शब्द 1741 च्या एका पत्रात सापडतो, म्हणजे तो थरूरांच्याही बराच आधीचा.

आता एक करा. हा शब्द पुन्हा वाचा आणि सगळ्यात जास्त जोर कुठे पडतो ते बघा. 'के' वर पडतो ना? पिलिफि-के-शन. हा शब्द तुम्ही आयुष्यात दोनदाच ऐकला असेल. तरी जोर कुठे द्यायचा हे तुम्हाला कसं कळलं?

आजचा एपिसोड याच प्रश्नावर आहे. लांब इंग्रजी शब्द तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तुटतो. एक, तोंड तोडतं तसा: श्वासाच्या एकेका धक्क्यात जेवढं बाहेर येतं तेवढा तुकडा. त्याला मी सिलॅबल म्हणणार आहे, कारण मराठीत 'अक्षर' म्हटलं की लेटर की सिलॅबल यात गोंधळ होतो. दुसरी पद्धत जोराची. कुठल्या सिलॅबलवर हातोडा पडतो? व्याकरणात याला आघात म्हणतात. आणि तिसरी अर्थाची: मूळ कुठलं, मागून-पुढून काय जोडलंय. गंमत अशी की या तिन्ही तोडी एकमेकांशी जुळतीलच असं नाही. 'फोटोग्राफी' अर्थाने तुटतो फोटो अधिक ग्राफी असा. इंग्रज माणूस मात्र म्हणतो फ-टॉ-ग्र-फी. 'टो' मधला ट 'फो' ला सोडून पुढच्या घरात राहायला जातो.

हे असं का झालं, याचं उत्तर इतिहासात आहे. आणि कुठली तोड 'बरोबर' हे कोण ठरवणार, यावरून गेली अडीचशे वर्षं जे भांडण चालू आहे त्याचे चटके आपल्यालाही बसतात. त्याबद्दल पुढे बोलूच.

दोन घराण्यांचे शब्द

सुरुवात 1066 पासून करावी लागते. त्याआधीची इंग्रजी ही जर्मनची चुलत बहीण. तिचा नियम सोपा: जोर शब्दाच्या मुळावर, म्हणजे बहुतेक वेळा पहिल्याच सिलॅबलवर. फादर, वॉटर, मदर. मागे काहीही जोडा, जोर हलत नाही. 1066 मध्ये नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंड जिंकतो आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालते. फ्रेंच शब्दांचा जोर शेवटाकडे. चौदाव्या शतकात चॉसर कविता लिहितो तेव्हा नेचर, ऑनर असे शब्द तो कधी फ्रेंच पद्धतीने शेवटी जोर देऊन वापरतो, तर कधी इंग्रजी पद्धतीने सुरुवातीला. म्हणजे एकाच माणसाच्या वहीत दोन भाषांचं भांडण.

मग सोळाव्या शतकात ग्रीक-लॅटिनचा पूर आला. विद्वानांनी इतके शब्द उचलले की लोकांनी त्यांना 'दौतीतले शब्द' म्हणून चिडवायला सुरुवात केली. केंब्रिजमध्ये ग्रीक शिकवणारा जॉन चीक यावर एवढा वैतागला की बायबलचं भाषांतर करताना त्याने 'सेंच्युरियन' ऐवजी 'हंड्रेडर' लिहिलं आणि 'ल्युनॅटिक' ऐवजी 'मून्ड'. आपल्याकडच्या भाषाशुद्धीच्या वादाची आठवण येते ना? फरक एवढाच की आपल्याकडे 'महापौर' रुळला, तिकडे 'हंड्रेडर' काही रुळला नाही.

या पुरात शब्दांबरोबर लॅटिनचा जोराचा नियमही आत आला. आणि तो नियम, मंडळी, तुम्हाला माहीत आहे. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू शिकलात ना? तोच.

लॅटिनचा नियम असा: शेवटून दुसरं सिलॅबल बघा. ते गुरू असेल तर जोर तिथेच. लघु असेल तर एक पाऊल मागे जा. 'अजेंडा' घ्या. अ-जेन-डा. शेवटून दुसरं 'जेन', पुढे जोडाक्षर, म्हणून गुरू. जोर तिथे. 'अरोमा', मधला 'रो' दीर्घ, म्हणजे गुरू. जोर तिथे. आता 'सिनेमा' घ्या. इंग्रजी उच्चारात मधला तुकडा लघु आहे, म्हणून जोर मागे सरकून सि वर. 'अमेरिका' मध्ये 'रि' लघु, म्हणून जोर मे वर. 1968 मध्ये नोम चॉम्स्की आणि मॉरिस हॅले यांनी इंग्रजीच्या ध्वनिरचनेवर जाडजूड ग्रंथ लिहिला. इंग्रजीतल्या खूपशा नामांचा जोर जवळपास याच नियमाने सांगता येतो, हा त्यातला एक मोठा मुद्दा. आपल्या मराठीच्या बाई फळ्यावर जे अर्धचंद्र आणि आडव्या रेघा काढायच्या, ते इंग्रजी उच्चाराला कामाला येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी जरा जास्त लक्ष दिलं असतं.

आता प्रत्ययांकडे या, कारण खरी मजा तिथे आहे. इंग्रजी शब्दाच्या शेपटीवरून त्याचं घराणं ओळखता येतं. '-नेस', '-फुल', '-लेस', '-इंग' हे जुने घरचे प्रत्यय. ते मूळ शब्दाला धक्का लावत नाहीत. हॅपी, हॅपीनेस. जोर होता तिथेच. पण '-इटी', '-इक', '-शन' हे ग्रीक-लॅटिनच्या वाटेने आलेले पाहुणे. ते आले की आधी घरातलं फर्निचर हलवतात. ॲक-टिव्ह, पण ॲक-टि-व्हि-टी. इ-कॉ-न-मी, पण इ-क-नॉ-मिक. जोर कायम या प्रत्ययाच्या लगेच आधीच्या सिलॅबलवर. म्हणून फ्लॉक्सिनॉसि-वगैरेचा अर्थ माहीत नसला तरी '-शन' दिसल्याबरोबर तुम्ही 'के' वर जोर दिलात. तुमच्या कानाने हा नियम कधीच शिकून ठेवलाय. अपवाद आहेतच. पॉलिटिक्स, कॅथलिक, ल्युनॅटिक हे '-इक' चा नियम पाळत नाहीत. आणि '-मेंट' आला फ्रेंचमधून पण वागतो घरच्यासारखा: ग-व्हर्न, ग-व्हर्न-मेंट.

जोर सरकला की बिनजोराच्या स्वरांचे हाल होतात. फो-ट-ग्राफ. फ-टॉ-ग्र-फी. फो-ट-ग्रॅ-फिक. बघा, 'फो' चा 'फ' झाला, 'टो' चा एकदा 'ट' झाला आणि एकदा 'टॉ'. स्पेलिंग तेच. जोर नसलेला स्वर आखडून आपल्या 'अ' सारखा होतो. इंग्रजीत सगळ्यात जास्त वेळा येणारा स्वर हाच, आणि त्यासाठी त्यांच्याकडे स्वतंत्र लेटर नाही! आपल्या बाराखडीची सुरुवातच त्याच्यापासून.

आणि हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही. फूल, पण फुलाला. विहीर, पण विहिरीत. माणूस, पण माणसाला. प्रत्यय लागला की आतला दीर्घ स्वर आखडतो, 'माणूस' मधला ऊ तर गायबच होतो. फरक एवढाच की मराठीत जोर सरकवून शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तिकडे लक्ष देत नाही. इंग्रजीत बदलतो. आणि नेमकं तिथेच आपल्याला पकडतात.

जोर आणि लाज

माझ्या एका जुन्या टीममध्ये लातूरकडचा एक पोरगा होता. मराठी मीडियम, कोड एकदम स्वच्छ. एकदा डेमो देताना तो 'डिटरमाइन' म्हणाला आणि कॉलवर दोघं-तिघं हसले. पुढचे दोन महिने तो डेमोमध्ये बोललाच नाही, दुसऱ्याला पुढे करायचा. आता तुम्हीच सांगा, स्पेलिंगच्या शेवटी 'माइन' लिहिलेलं दिसतं, खाणीला 'माइन' म्हणतात, तर कोणीही तर्काने 'माइन' च म्हणेल. त्याचा तर्क बरोबर होता. त्या भाषेचा इतिहास वाकडा आहे.

आणि ही हसण्याची परंपरा किती जुनी आहे ते बघा. अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनमध्ये पैसा आला, नवा मध्यमवर्ग आला, आणि 'बरोबर बोलणं' हा धंदा झाला. सॅम्युएल जॉन्सनच्या 1755 च्या डिक्शनरीत शब्दावर जोर कुठे ते एका खुणेने दाखवलं होतं, बस्स. पुढचं काम दोन नटांनी केलं. खरोखर नाटकातले नट. पहिला थॉमस शेरिडन, मूळचा आयरिश. 1761 मध्ये त्याने एडिंबराला व्याख्यानं दिली आणि स्कॉटिश सभ्य गृहस्थ आपला स्कॉटिश हेल घालवायला पैसे देऊन ऐकायला बसले. म्हणजे डब्लिनचा माणूस एडिंबराच्या लोकांना लंडनसारखं बोलायला शिकवतोय! 1780 मध्ये त्याने उच्चार सांगणारी डिक्शनरी काढली. दुसरा जॉन वॉकर. त्याच्या 1791 च्या डिक्शनरीत स्वरांवर आकडे टाकलेत: हा 'ए' पहिला, हा 'ए' चौथा, असे. आणि मुखपृष्ठावरच जाहीर केलंय की स्कॉटलंड, आयर्लंड आणि लंडनच्या लोकांनी आपापल्या खोडी कशा टाळाव्यात याचे नियम आत मिळतील. 'लंडनच्या' हा शब्द नीट वाचा. लंडनच्या सामान्य माणसाचीही इंग्रजी चुकीचीच ठरली होती. मग बरोबर कुणाची? अर्थात, ज्यांच्याकडे पैसा होता त्यांची.

आणि ते बरोबर तरी कायमचं होतं का? तर नाही. 'बाल्कनी' शब्द इटालियनमधून आला आणि बराच काळ त्याचा जोर मधल्या सिलॅबलवर होता: बाल-को-नी. मग नवी पिढी बाल्-कनी म्हणायला लागली. सॅम्युएल रॉजर्स नावाचा कवी, 1763 चा जन्म, म्हातारपणी तक्रार करायचा की कॉन्-टेम्प्लेट हेच मुळात वाईट, पण बाल्-कनी ऐकलं की मळमळतं. आज पहिला जोर बरोबर आणि रॉजर्सचा उच्चार चूक. थोडक्यात, एका पिढीची मळमळ म्हणजे पुढच्या पिढीचं व्याकरण.

एका मास्तरची बंडखोरी

आता अटलांटिकच्या पलीकडे जाऊ. साल 1783. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पॅरिसच्या तहाने संपतं. त्याच वर्षी नोआ वेबस्टर नावाचा पंचविशीतला शाळामास्तर मुलांसाठी स्पेलिंगचं पुस्तक काढतो. पुढे ते 'निळ्या पाठीचं स्पेलर' म्हणून ओळखलं गेलं आणि त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या. डिक्शनरीवाला वेबस्टर तो हाच, पण डिक्शनरी 1828 ची. आधी त्याने शब्द तोडण्याची पद्धत बदलली.

तोपर्यंत शाळांत थॉमस डिलवर्थ या इंग्रजाचं 1740 चं पुस्तक चालायचं. डिलवर्थ लॅटिनच्या नियमाने तोडायचा: दोन स्वरांमधलं व्यंजन पुढच्या स्वराकडे द्यायचं. म्हणून 'हॅबिट' चे तुकडे 'एच-ए' आणि 'बी-आय-टी' असे. वेबस्टर म्हणाला, मूल हे 'हे-बिट' असंच वाचणार! 'हॅब' एकत्र ठेवा, मग मूल आपोआप बरोबर वाचेल. तसंच 'क्लस्टर', 'बिशप', 'नॉस्ट्रिल'. '-शन' चं तर आणखी मजेशीर. डिलवर्थ ते दोन सिलॅबल म्हणून शिकवायचा, 'टी-आय' वेगळं आणि 'ओ-एन' वेगळं. शेक्सपिअरच्या काळच्या कवितेत ते बऱ्याचदा दोन तुकड्यांत म्हटलंही जायचं. पण 1783 पर्यंत लोक सरळ 'शन' म्हणत होते. वेबस्टरने एकच तुकडा केला. त्याचा हेतू उघड राजकीय होता: नव्या देशाची मुलं लंडनच्या पुस्तकावरून बोलायला शिकणार नाहीत.

गंमत म्हणजे आपल्या कानाला डिलवर्थची तोडच पटेल. देवनागरी त्याच नियमाने चालते. व्यंजन पुढच्या स्वराला चिकटतं. हॅ-बि-ट. आपण 'हॅब-इट' असं लिहूच शकत नाही! मला विचाराल तर तोंडाच्या दृष्टीने आपली लिपी जास्त प्रामाणिक आहे. पण वेबस्टरची अडचण तोंडाची नव्हती, स्पेलिंगची होती, आणि त्या स्पेलिंगपुरता त्याचा उपाय बरोबर होता.

इथून दोन परंपरा झाल्या. अमेरिकन छापखाने ओळीच्या शेवटी शब्द कानाने तोडायला लागले, ब्रिटिशांनी अर्थाने तोडण्याकडे कल ठेवला. ब्रिटिश पद्धतीत 'डेमो' आणि 'क्रसी', लोक आणि सत्ता, वेगळे. अमेरिकेत 'डेमॉक' आणि 'रसी'. 'नॉलेज' ब्रिटिश तोडणार 'नो' पाशी, म्हणजे 'जाणणे' शाबूत. अमेरिकन 'एल' सुद्धा अलीकडे ठेवणार.

मग कॉम्प्युटर आला

हा भाग माझ्या जवळचा, त्यामुळे जरा रेंगाळणार आहे.

1977. स्टॅनफर्डचे डोनाल्ड क्नूथ आपल्या प्रोग्रॅमिंगवरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती काढत होते. छपाईची प्रुफं बघितली आणि ती इतकी कुरूप वाटली की पुस्तक बाजूला ठेवून त्यांनी छपाईसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. तेच टेक. आता छापील ओळ दोन्ही कडांना सरळ हवी असेल तर लांब शब्द तोडावेच लागतात. आणि मशीनने कुठेही तोडून चालत नाही. 'लेजंड्स' चं स्पेलिंग 'जी' नंतर तोडा आणि वाचकाला दिसतं 'लेग' आणि 'एंड्स'. दंतकथांची झाली पायांची टोकं.

मग अख्खी डिक्शनरी मेमरीत ठेवायची? त्या काळात शक्यच नव्हतं. क्नूथ यांचा विद्यार्थी फ्रँकलिन लियांग याने यावर पीएचडी केली, 1983 ची. शीर्षकातले शब्दही त्याने हायफन टाकून तोडूनच छापले. त्याची आयडिया ऐका. त्याने प्रोग्रॅमला वेबस्टरची पॉकेट डिक्शनरी खायला घातली आणि तिच्यातून लेटर्सचे छोटे छोटे नमुने काढले. प्रत्येक नमुन्यात लेटर्सच्या मधे 1 ते 5 आकडे. विषम आकडा म्हणजे 'इथे तोडा'. सम आकडा म्हणजे 'खबरदार'. एका शब्दावर अनेक नमुने लागू झाले तर प्रत्येक फटीत सगळ्यात मोठा आकडा जिंकतो. म्हणजे 1 हा नियम, 2 त्याचा अपवाद, 3 अपवादाचा अपवाद, असं पाचपर्यंत. एकूण 4447 नमुने, 25 हजार बाइट्सच्या आसपास मेमरी. तुमच्या व्हॉट्सॲपवरच्या 'गुड मॉर्निंग' च्या फोटोपेक्षाही कमी. आणि तेवढ्यात डिक्शनरीतल्या 89 टक्के तोडी सापडतात, चुकीची तोड जवळपास नाही. उरलेल्या 11 टक्के सोडून दिल्या. 'नाही तोडला तर चालेल, चुकीचा तोडायचा नाही', ही भूमिका मला फार आवडते.

तरी काही शब्द हट्टी निघाले. टेकसोबत 14 शब्दांची अपवाद-यादी येते. तिच्यात 'टेबल' आहे, 'रिफॉर्मेशन' आहे, आणि दोन शब्द असे आहेत ज्यांच्यापुढे एकही हायफन नाही: 'प्रेझेंट' आणि 'प्रोजेक्ट'. म्हणजे, यांना कधीच तोडू नका. का? कारण प्रे-झंट म्हणजे भेटवस्तू, आणि प्रि-झेंट म्हणजे सादर करणे. नामात जोर पुढे, म्हणून तुकडा 'एस' नंतर पडतो. क्रियापदात जोर मागे, म्हणून 'एस' च्या आधी. स्पेलिंग एकच. वाक्याचा अर्थ कळल्याशिवाय कुठे तोडायचं हे सांगताच येत नाही, आणि लियांगच्या प्रोग्रॅमला अर्थ कळत नव्हता. सिलॅबल, जोर आणि अर्थ, तिन्ही इथे एकमेकांत अडकलेत. मशीनने हात वर केले.

या जोड्या इंग्रजीत वाढतच गेल्यात. 1570 मध्ये पीटर लेव्हिन्स नावाच्या माणसाने शब्दांची यमकसूची काढली, तिच्यात अशा जोड्या तीनच मिळतात: रिबेल, आऊटलॉ, रेकॉर्ड. 1934 पर्यंत दीडशेच्या घरात गेल्या. त्यामुळे कुणी तुम्हाला जोराचे 'सनातन' नियम सांगायला लागलं तर ही यादी दाखवा.

लियांगची पद्धत आजही जिवंत आहे. लिबर-ऑफिसमध्ये आहे, फायरफॉक्समध्ये आहे, आणि 2015 च्या सहाव्या आवृत्तीपासून अँड्रॉइडमध्येही आहे, म्हणजे तुमच्या खिशात. मराठीसाठीही नमुन्यांची फाईल आहे, आणि ती एवढीशी आहे. साधारण इतकंच म्हणते: कुठल्याही व्यंजनाच्या आधी तोडा, पण काना-मात्रा-वेलांटी व्यंजनापासून वेगळी करू नका आणि जोडाक्षर फोडू नका. संपलं! इंग्रजीला चार हजारांवर नमुने लागतात, तरी 'प्रेझेंट' येत नाही.

ब्रिटिश इंग्रजीचे नमुने वेगळे करावे लागले, अर्थाने तोडायची सवय ना. त्यांची संख्या अमेरिकनच्या जवळजवळ दुप्पट. आणि ते करणाऱ्या दोघांपैकी एक होते डॉमिनिक वुयास्टिक. पेशाने संस्कृतचे अभ्यासक! हा योगायोग असला तरी मला तो शोभून दिसतो. शब्द मूळ आणि प्रत्ययात फोडायची शिस्त युरोपला बऱ्याच अंशी संस्कृत व्याकरणामुळेच लागली. 1786 मध्ये कलकत्त्यात विल्यम जोन्स संस्कृत, ग्रीक आणि लॅटिनचं नातं मांडतो. 1816 मध्ये फ्रान्झ बॉप यांची क्रियापदं सुटी करून शेजारी शेजारी ठेवतो. पाठीमागे उभा असतो पाणिनी, धातू आणि प्रत्यय घेऊन, सुमारे 4000 सूत्रांसह. आधी सामान्य नियम आणि मग त्याला हरवणारा अपवाद, हीच त्याची चाल. लियांगचे सम-विषम आकडे बघून मला तेच आठवलं. लियांगने पाणिनी वाचला होता असं माझं म्हणणं नाही. अवघड प्रश्न दोन हुशार माणसांना एकाच वाटेने नेतो, इतकंच.

अर्थाने तोडण्याचा फायदा काय, त्याचं माझं लाडकं उदाहरण देतो. अँटी-डिस-एस्टॅब्लिश-मेंट-एरियन-इझम. 28 लेटर्स, 12 सिलॅबल्स, मुख्य जोर 'एरियन' च्या सुरुवातीला. भीती वाटते ना? आतून सोलत या. एस्टॅब्लिश म्हणजे स्थापन करणे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये वाद पेटला की सरकारने चर्चला दिलेलं अधिकृत स्थान काढून घ्यावं का. ते काढणं म्हणजे डिसएस्टॅब्लिशमेंट. आयर्लंडमध्ये ग्लॅडस्टनने 1869 च्या कायद्याने ते केलंसुद्धा. त्याला विरोध करणाऱ्यांची विचारसरणी म्हणजे हा अख्खा शब्द. आणि सगळ्यात आतली बी कुठली? 'स्टॅ', उभं राहणे. तोच आपला 'स्था'. स्थिर, स्थान, स्थापना. आपल्या राज्यात दुकान उघडायला ज्या कायद्याखाली गुमास्ता काढतात, त्याच्या नावात 'दुकाने व आस्थापना' असं आहे. आस्थापना म्हणजे एस्टॅब्लिशमेंट. सरकारी मराठीने केलेलं भाषांतर, आणि मुळाशी दोन्ही शब्द सख्खे नातेवाईक.

लोक तोडतात तसं

पण विद्वानांनी, मास्तरांनी, मशीनने कितीही ठरवलं तरी शेवटी शब्द तोडतात लोक. आणि लोक तोडतात कानाला पटेल तिथे.

1861 मध्ये फ्रान्सच्या पाँतों दामेकूरने एका उडत्या यंत्रासाठी ग्रीकमधून शब्द बनवला. 'हेलिको' म्हणजे मळसूत्रासारखं गोल, 'प्टेर' म्हणजे पंख. हेलिको-प्टर. आता 'प्ट' ने सुरू होणारा तुकडा इंग्रजी तोंडाला झेपत नाही. लोकांनी 'प' मागे ओढला: हेलि-कॉप्टर. ग्रीकच्या दृष्टीने साफ चूक. पण त्या चुकीतून 'कॉप्टर' हा नवा शब्द निघाला, आणि 'हेलि' सुटा होऊन 'हेलिपोर्ट' झाला. 'हॅम्बर्गर' चं तेच. हॅम्बुर्ग शहर अधिक '-अर', आपल्या 'पुणेकर' सारखं. लोकांना त्यात 'हॅम' दिसलं आणि उरला 'बर्गर'. मग त्याला चीज लावा, व्हेज लावा, काय वाटेल ते लावा.

सगळ्यात भारी 'गेट'. वॉटरगेट हे वॉशिंग्टनमधल्या इमारतींच्या संकुलाचं नाव. 1972 मध्ये तिथे घरफोडी झाली, दोन वर्षांनी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना जावं लागलं, आणि तेव्हापासून '-गेट' म्हणजे घोटाळा. प्रत्ययच झाला. 2012 मध्ये आपल्याकडे कोळसा खाणींच्या वाटपाचा वाद झाला तेव्हा न्यूज चॅनेलवाल्यांनी त्याचं नाव ठेवलं 'कोलगेट'. टूथपेस्टचं फुकटात बारसं!

आणि 'हेलि' तर आपल्या गावापर्यंत पोचलाय. मंत्री येणार असले की शाळेच्या मैदानावर पाणी मारतात, चुन्याने गोल आखून मधे इंग्रजी 'एच' काढतात, आणि शिपाईमामा पोरांना ओरडतात, "ए, हेलिपॅडवरून चालू नका रे!" त्यांचा जोर कुठे पडतो ते पुढच्या वेळी ऐका आणि मला व्हॉइस नोट पाठवा.

पुढच्या एपिसोडमध्ये मोडी लिपी, जिच्यात हात उचलायचीच परवानगी नाही. भेटू.